न बांधलेल्या कारंज्याची देखभाल

नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचण्यासाठी नसतं, ठेवण्यासाठी असतं, एवढी साधी गोष्ट दुरुस्तीकाकांना कुणी वेळेवर सांगितली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या सोमवारी सकाळी वाचनालयातली चारही वर्तमानपत्रं दुसऱ्यांच्या हातात होती, आणि हातात छापील काही नसलं की काकांना बोटं कुठे ठेवावीत ते समजत नसे. खिडकीजवळच्या खिळ्याला सुतळीने एक जाडजूड मसुदा टांगला होता. ‘नागरिकांच्या सूचना व हरकतींसाठी’ असं त्यावर लिहिलं होतं, आणि त्या लिहिण्यावर दोन आठवड्यांची धूळ होती. काकांनी फुंकर मारली आणि पहिलं पान उघडलं.

दुरुस्तीकाका म्हणजे पंखे दुरुस्त करणारे काका नव्हेत. हा खुलासा करणं भाग आहे, कारण त्यांच्या इमारतीत नवीन आलेलं कुटुंब पहिल्याच आठवड्यात मिक्सर घेऊन त्यांच्या दारात उभं राहतं. काकांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. औषधांच्या माहितीपत्रकापासून कायद्याच्या पुस्तकापर्यंत सगळं त्यांच्या लाल पेनाखालून गेलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर माणूस घरी आला तरी पेन खिशातच राहिलं होतं. एकदा एका शेजाऱ्याने खरोखरच पंखा आणला, तेव्हा काकांनी खोक्यावरच्या तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून तो परत पाठवला. शेजारी अजून बोलत नाही.

तर काका वाचत गेले. मसुद्यात चुका खच्चून भरल्या होत्या आणि काकांची सकाळ मोठी आनंदात चालली होती. ‘गटारे’च्या जागी ‘गिटारे’ छापून त्यांच्या सफाईसाठी भरघोस तरतूद केलेली पाहून तर त्यांना नोकरीची आठवण येऊन गलबलून आलं. आणि मग चौसष्टावं पान आलं. त्यावर एकाखाली एक दोन ओळी होत्या. पहिली : ‘वाचनालय, वर्तमानपत्रे व नियतकालिके – साठ टक्के कपात.’ दुसरी : ‘कारंजे देखभाल, वाचनालय चौक – चार लाख बारा हजार.’

काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. वाचनालय चौक समोरच होता. मधोमध एक गोल कठडा, त्यात वाळकं गवत, आणि गवतात एक कुत्रं कुशीवर झोपलेलं. कारंजं नव्हतं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुत्रं दुसऱ्या कुशीवर झालं, एवढाच फरक.

यंदा वरून येणारं अनुदान तिसऱ्या हिश्श्याने घटलं होतं, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लागत होते. पाणी सकाळी तासभर कमी झालं होतं. ते काकांनी मुकाट्याने सोसलं. पण चार वर्तमानपत्रांची दीड होणार आणि नसलेल्या कारंज्याला चार लाख मिळणार, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. दीड वर्तमानपत्र म्हणजे काय? अर्धं कुठलं?

घरी काकू शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी यंत्र न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

“जुन्या शिवणीला हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “एक धागा ओढाल आणि सगळा कपडा हातात येईल.”

“अगं पण चूक आहे ती! छापील चूक!”

“असेना. तुम्हाला कुणी तपासायला दिलंय का?”

हा घाव वर्मी बसला. निवृत्त माणसाला कुणी काही तपासायला देत नाही, हीच तर त्याची खरी निवृत्ती असते. काका तडक वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांना जगातले सगळे प्रश्न तोंड उघडून पाहण्याची सवय होती.

“हरकत घ्या,” डॉक्टर म्हणाले. “आणि मुळापासून घ्या. वरवर भरलं की पुन्हा ठणका लागतो. आणि काका, हरकत घेतच आहात तर आपल्या दारातल्या फुटपाथचंही लिहा ना दोन ओळी.”

दुसऱ्या दिवशी काका नगरपालिकेत गेले. सूचनांची खिडकी वेगळी होती आणि हरकतींची वेगळी. काकांचं म्हणणं नेमकं काय आहे हे ठरवण्यात सकाळ गेली. कारंजं काढा ही सूचना, पण कारंजं नाहीच ही हरकत, असा निर्णय शेवटी शिपायाने दिला. अर्जाचा नमुना मिळाला. त्यात ‘हरकतदार’ हा शब्द ‘हकरतदार’ असा छापला होता. काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी तो शब्द सुधारला, वर दोन अनुस्वार दिले, एक स्वल्पविराम काढून टाकला आणि अर्ज भरून खिडकीत सरकवला.

“खाडाखोड चालत नाही,” कारकून म्हणाला.

“ही खाडाखोड नाही. ही दुरुस्ती आहे.”

“दुरुस्तीही चालत नाही. नवीन नमुना घ्या, तीन प्रती करा.”

चौतीस वर्षं ज्या हाताने दुसऱ्यांची लाज राखली, त्या हाताने काकांनी तीन वेळा ‘हकरतदार’ या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं.

अंदाजपत्रकावर संपूर्ण गावातून एकच हरकत आली. ती काकांची. नियमानुसार हरकतींची सुनावणी घेणं अर्थसमितीला भाग होतं, आणि एकच हरकत असल्यामुळे ती टाळायला दुसरीचा आडोसाही नव्हता. बुधवारी काकांना बोलावणं आलं. लांबट टेबलाच्या टोकाला सभापती बसले होते. गोल चेहऱ्याचे, सौम्य, आणि कपातीने पार खंगलेले. शेजारी त्या भागातल्या नगरसेविका होत्या. त्यांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, त्यामुळे पैशापैशाचा हिशेब त्यांच्या जिभेवर असे. कोपऱ्यात कागदांच्या ढिगामागे लेखापाल होते. काटकुळे, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. काकांनी चौसष्टावं पान वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे कारंजं नाहीच?” सभापतींनी विचारलं.

“कुत्रं आहे,” काका म्हणाले. त्यांना अचूक बोलायची खोड होती.

सभापतींच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. चार लाख बारा हजार! कुणाच्या पोटावर पाय न देता! ते उठून टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘जागरुक नागरिकामुळे लाखोंची बचत’ असं छापून आलं. ‘जागरूक’मधला रू ऱ्हस्व होता, पण काकांनी त्या दिवसापुरता तो माफ केला.

जिन्यात लोक थांबून बोलू लागले. दूधवाल्याला दुभाजक हलवून हवा होता, तळमजल्यावरच्या आजींना समोरचा दिवा ‘एकाआड एक’मधला एक व्हायला हवा होता. डॉक्टर तर फुटपाथचा नकाशाच घेऊन आले. पंख्याचा शेजारीसुद्धा लांबून हसला. काका सगळ्यांना ‘बघू’ म्हणत होते. ‘बघू’ हा शब्द म्हणताना मान किती तिरकी करायची असते, हे सत्ता आल्याशिवाय कळत नाही.

शुक्रवारी ते ऐटीत वाचनालयात गेले. वाचनालय सांभाळणारी ताई पुस्तकांना कव्हरं घालत होती. अकरा वर्षं ती एकटीच ते वाचनालय चालवत होती. झाडण्यापासून पुस्तकं शोधून देण्यापर्यंत, आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला येणाऱ्या मुलींना ‘झोप आली तर तोंड धुऊन ये’ म्हणण्यापर्यंत.

“काय ताई, वाचलं का? वर्तमानपत्रं वाचली आपली!” काका म्हणाले.

“वाचलं काका.” तिने कव्हराची घडी नीट दाबली. “चांगलं केलंत.”

तिचा आवाज ऐकून काका खुर्चीत बसता बसता थांबले. “काय झालं?”

“काही नाही.” मग पुढचं पुस्तक ओढून घेत ती म्हणाली, “काका, ते कारंजं म्हणजे मी आहे.”

काका लेखापालांकडे धावले. म्हणजे भरभर चालत गेले, पण त्यांच्या वयाला ते धावणंच. लेखापाल जणू वाटच पाहत होते.

“बसा,” ते म्हणाले. “अकरा वर्षांपूर्वी चौकात कारंजं मंजूर झालं. कठडा झाला, नळ टाकला, आणि पैसे संपले. तेव्हाच वाचनालयाची बाई निवृत्त झाली आणि ते पद गोठलं, म्हणजे नवी नेमणूक बंद झाली. वाचनालयाला कुलूप लागणार होतं. माझ्याकडे माणूस नसलेलं वाचनालय होतं, आणि कारंजं नसलेली देखभाल होती. मी दोन्ही जोडलं. ताई कारंज्याच्या खात्यातून रोजंदारीवर आली. एक पैसा इकडेतिकडे गेला नाही.”

“मग हे सांगायचं ना समितीला!”

“सांगितलं की पद गोठलेलं आहे हे नोंदीवर येतं. यंदा नवीन पद द्यायला पैसा कुठे आहे? अकरा वर्षं कुणी चौसष्टावं पान उघडलं नाही, काका. तुम्ही पहिले.”

“मी हरकत मागे घेतो.”

“हरकत मागे घेता येत नाही. फक्त स्थळपाहणीत निराधार ठरू शकते. पाहणी सोमवारी अकराला आहे.”

“निराधार म्हणजे?”

“म्हणजे कारंजं दिसलं पाहिजे,” लेखापाल म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून बसले.

त्या रात्रीचं जेवण काकांना गेलं नाही. आपण फक्त चूक दाखवली, हे ते स्वतःला चार वेळा म्हणाले. चारही वेळा ते बरोबर होतं, आणि चारही वेळा त्याने बरं वाटलं नाही. काकूंनी ताट बाजूला सारलं आणि प्लंबरला निरोप धाडला. डॉक्टरांनाही बोलावलं. शिवणीला हात लावू नका म्हणणारी बाई, पण उसवलंच म्हटल्यावर सुई घेऊन पहिली तीच बसली.

“मी खोटं बोलणार नाही,” काका म्हणाले.

“कोण सांगतंय बोला म्हणून? तुम्ही नुसते उभे राहा. पाणी बोलेल.”

रविवारी प्लंबरने वाळकं गवत उपटलं, आणि खरोखरच अकरा वर्षांपूर्वीचा नळ जमिनीतून बोटभर वर आलेला सापडला. कुत्र्याला तात्पुरतं डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायरीवर हलवण्यात आलं. कारंज्याला तोटी हवी म्हणून तळमजल्यावरच्या आजींनी झारीचं तोंड दिलं. कारंजं किती उंच असावं यावर डॉक्टर आणि प्लंबर यांच्यात तास-दीड तास वाद झाला, आणि दोघांपैकी कुणीही आयुष्यात कारंजं बांधलेलं नसल्यामुळे तो चांगला रंगला. शेवटी पाणी सोडलं. झारीतून लाळ गळावी तशी एक धार खाली ओघळली.

“दाब नाही,” प्लंबर म्हणाला. “पाणीकपात आहे ना. उद्या अकराला मी वरच्या टाकीची चावी उघडतो. मग बघा.”

सोमवारी अकराला समिती आली. सभापती, नगरसेविका, फायली घेतलेले लेखापाल आणि छत्री धरायला एक शिपाई. कठड्याभोवती अर्धी इमारत उभी होती, तीही जणू योगायोगाने. ताई वाचनालयाच्या दारात उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. झारीच्या तोंडातून तीच ती धार ओघळत होती.

सभापती वाकले. “हे कारंजं?”

काका नुसते उभे राहिले.

“आमच्या दुकानातली शाईची बाटली सांडली तरी यापेक्षा उंच उडते,” नगरसेविका म्हणाल्या.

सभापती अजून थोडे वाकले, आणि नेमकी तेव्हाच प्लंबरने टाकीची चावी उघडली. पूर्ण उघडली. जमिनीखालून एक दीर्घ घशातला आवाज आला, अकरा वर्षांचा गंज आला, मग झारीचं तोंड बंदुकीच्या गोळीसारखं डॉक्टरांच्या नकाशातून आरपार गेलं, आणि त्यामागून तांबूस पाण्याचा खांब दोन पुरुष उंच उभा राहून शांतपणे समितीवर कोसळला. शिपायाने छत्री उघडली, पण सवयीने स्वतःच्या डोक्यावर धरली.

पाणी बंद व्हायला तीन मिनिटं लागली. सभापतींच्या गोल चेहऱ्यावरून गंज ओघळत होता. लोक हसायचं की पळायचं हे ठरवत होते. आणि काकांना ते सहन होईना. पाणी बोललं होतं खरं, पण ते फारच मोठ्याने खोटं बोललं होतं.

“साहेब,” काका पुढे झाले, “हे कारंजं नाही. हे काल बसवलंय. माझ्या घरात ठरलं आणि मी अडवलं नाही. हरकत खरी होती. पण मी ओळ वाचली, माणूस वाचला नाही.”

“आधी आत चला सगळे,” दारातून ताई म्हणाली. “भिजलेल्या कपड्यांनी उभं राहू नये.”

तिने समितीला वाचनालयात बसवलं, काकूंनी घरून पंचे आणि कोरडे सदरे आणले. काकांच्या सदऱ्यात सभापती मावेनात, तेव्हा काकूंनी बगलेतली शिवण तिथल्या तिथे उसवून दिली. मग लेखापालांनी फाइल उघडून अकरा वर्षांची हकिगत सांगितली. सभापती ऐकत होते आणि इकडेतिकडे पाहत होते. अभ्यासाला आलेल्या सात-आठ मुली होत्या, तीन म्हातारे होते, आणि एक रिक्षावाला आडवं बोट ओळीवर ठेवून पुटपुटत वाचत होता. एवढी गडबड होऊनही ताईने त्या सगळ्यांना मान वर करू दिली नव्हती.

“म्हणजे कारंज्याची देखभाल करतं कोण?” नगरसेविकांनी विचारलं.

“मी,” ताई म्हणाली. “अकरा वर्षं.”

“मग काम चोख आहे. आत्ताच पाहिलं.” नगरसेविकांनी केस पिळले. “पण सभापती, हे चार लाख तुम्ही बचतीत धरलेत. ते कुठून आणणार?”

सभापतींनी आखूड सदऱ्याची बाही खाली ओढली.

“अभ्यासदौऱ्याचं खातं अजून कोरडं आहे,” नगरसेविका म्हणाल्या. “आपण सगळे समुद्रकिनारी जाऊन घनकचरा पाहणार होतो, ते. कचरा इथेही आहे. अभ्यास इथेही होतो, समोर बघा.”

सभापतींनी समोर पाहिलं. मग फार सावकाश मान हलवली. त्यांनी त्या दौऱ्यासाठी बहुधा टोपीही घेतली असावी.

“पैसे निघाले,” लेखापाल म्हणाले. “पण कारंज्याचं खातं वाचनालयाचं कसं करायचं? ठराव आणला तर वर्षभर फिरेल. एकच रस्ता आहे. छपाईची चूक असेल तर ठराव लागत नाही. शुद्धिपत्रक पुरतं. आणि ते हरकतदाराच्या सहीने निघू शकतं.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांनी पेन काढलं आणि टोपण तसंच ठेवलं. चौतीस वर्षांत त्यांनी चुका सोडल्या नव्हत्या, आणि जी चूक नाही तिला चूकही म्हटलं नव्हतं. ‘कारंजे’ हे अक्षरन् अक्षर शुद्ध छापलं होतं. चुकलं होतं ते जग, आणि जगाच्या दुरुस्तीसाठी मुद्रितात खूण नसते. काकू सुईत दोरा ओवत होत्या.

मग काकांनी टोपण काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘पृष्ठ चौसष्ट. “कारंजे देखभाल” याऐवजी “वाचनालय देखभाल” असे वाचावे.’

“चूक कुणाची ते लिहिलं नाहीत,” लेखापाल म्हणाले.

“शुद्धिपत्रकात चूक कुणाची ते लिहीत नाहीत. चूक झाली असंही म्हणत नाहीत,” काका म्हणाले. “फक्त कसं वाचावं तेवढं सांगतात.” आणि त्यांनी सही केली.

अंदाजपत्रक मंजूर झालं. ‘गिटारे’ तशीच राहिली, कारण त्यांच्यावर हरकत आली नव्हती. वर्तमानपत्रं चाराची दोन झाली, दीड कुठली आणायची हे कुणालाच न सुटल्यामुळे. आणि सगळ्याच खात्यांना कात्री लागली तशी वाचनालयालाही लागली. आता ते सकाळी आठऐवजी दहाला उघडणार, अशी पाटी दारावर आली. ताईचे दोन तासांचे पैसे गेले. पण ताई राहिली.

नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी काका सवयीने आठला पोचले. पाटी पाहिली, तीत चूक नव्हती याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते पायरीवर बसले. दोन तास म्हणजे काही फार नव्हेत, असं ते स्वतःला समजावत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरून ताई आली. तिने कुलूप काढलं, दार लोटलं आणि खिडक्या उघडायला आत गेली.

काका उंबऱ्यावर घुटमळले. “ताई, आठच वाजलेत. वाचनालय दहाला उघडतं.”

“हो ना,” ती आतून म्हणाली. “अजून बंदच आहे.”

“मग मी?”

“तुम्ही अजून आला नाहीत काका.” तिने आजचं वर्तमानपत्र झटकून त्यांच्या खुर्चीवर ठेवलं. “या, बसा.”